हिवाळ्यातला पाऊस आणि कोरडी दिसणारी नदी

धुळ्याजवळच्या एका ताईंनी विचारलं आहे: डिसेंबरात घरातल्या पंधरा-वीस जणांची भरीत पार्टी नदीकाठच्या मळ्यात ठरली आहे, लहान मुलंही आहेत. हवामान खात्याने दोन दिवसांचा यलो अलर्ट दिला आहे. सासरे म्हणतात, "हिवायामा कुठे पूर येस?" खरंच धोका असतो का, आणि असलाच तर नेमकी काय काळजी घ्यायची?

ताई, सासऱ्यांचं म्हणणं तापीपुरतं बरंचसं खरं आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तापी दुथडी भरून वाहते असं सहसा होत नाही. पण माणसं दगावतात ती तापीच्या महापुरापेक्षा गावाशेजारच्या नाल्यात, फरशीवर (नाल्यावरच्या ठेंगण्या, बिनकठड्याच्या पुलावर), बंधाऱ्याखाली आणि वाळूच्या खड्ड्यात. तिथे एका जोरदार सरीचं पाणीही पुरतं. पार्टी जरूर करा, पण पात्रात नाही आणि नाल्यापलीकडच्या मळ्यातही नाही. का ते सविस्तर सांगतो, कारण कारण कळलं की पुढचे निर्णय तुमचे तुम्हालाच घेता येतात.

माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. पावसाळ्यात पूर नियंत्रण आणि हिवाळ्यात आवर्तनं, म्हणजे धरणातून ठरलेल्या पाळीने पाणी सोडणं, दोन्ही कामं केली. आता गावोगावच्या तरुणांना पाण्यातून माणूस काढण्याचं शिकवतो. दोन्हीकडे एकच गोष्ट दिसते. जून-जुलैत लोक नदीकडे बघून वागतात. पोळा झाला, गणपती बुडाले की नदीकडे बघणंच थांबतं.

हिवाळ्यात पाऊस येतो कुठून? उत्तर भारतावरून पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून येणारी पावसाळी हवा) सरकतो, त्याच वेळी अरबी समुद्रातून किंवा पूर्वेकडून बाष्प येऊन मिळतं, आणि खान्देशावर ढग जमतात. डिसेंबर 2017 मध्ये ओखी चक्रीवादळ गुजरातच्या किनाऱ्याकडे सरकलं तेव्हा इथेही ऐन थंडीत आभाळ भरून आलं होतं. 26 नोव्हेंबर 2023 च्या सुमारास उत्तर महाराष्ट्रात वादळी पाऊस आणि गारपीट झाली, तेव्हा कापूस वेचणीला होता आणि हरभरा-गहू नुकता उभा राहत होता. म्हणजे हिवाळ्यातला जोराचा पाऊस रोजचा नसला तरी अनोळखीही नाही.

आता हिवाळा वेगळा का, ते नीट समजून घ्या. जूनमध्ये धरणं, पाझर तलाव, बंधारे रिकामे असतात. पहिले मोठे पाऊस त्यांत जिरतात, नदीला फार कमी पाणी पोचतं. नोव्हेंबरात परिस्थिती नेमकी उलटी. चांगलं वर्ष असेल तर सगळे साठे काठोकाठ भरलेले असतात आणि रब्बीसाठी ते तसेच राखायचे असतात. वरून आलेलं पाणी ठेवायला जागाच नसते, ते सांडव्यावरून सरळ खाली येतं. त्यात कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. पावसाळ्यात त्यांच्या फळ्या, म्हणजे बर्गे, काढलेले असतात, पूर मोकळा निघून जातो. पावसाळा सरला की ऑक्टोबरच्या सुमारास फळ्या टाकून पाणी अडवतात. अशा अडवलेल्या बंधाऱ्यावर अचानक पूर आला तर रात्री अंधारात फळ्या काढायला जाणार कोण? पाणी बंधाऱ्यावरून उसळतं, नाहीतर बाजूचा मातीचा काठ फोडून निघतं. काठ फुटला की अडवलेला सगळा साठा एकदम सुटतो, आणि खालच्या गावाला ते पाणी पावसाच्या हिशेबात कधीच बसत नाही. तुमच्या मळ्याच्या वरच्या अंगाला असा बंधारा आहे का, हे पार्टीच्या आधी विचारून घ्या. ही माहिती कुठल्या अ‍ॅपवर मिळणार नाही, गावच्या कोतवालाकडे किंवा पाटकऱ्याकडे (कालव्याचं पाणी सोडणाऱ्याकडे) मिळेल.

जमिनीचंही असंच. आपली काळी माती कोरडी असताना भेगाळलेली असते, सुरुवातीचं पाणी भेगांत जातं. ती एकदा भिजून फुगली की भेगा मिटतात आणि नंतरचा थेंब न् थेंब वाहून जातो. गव्हाला नुकतंच पाणी दिलेलं शेत आधीच फुगलेलं असतं. तिथे पहिल्या सरीपासूनच पाणी नाल्याला लागतं.

आणि सगळ्यात मोठा फरक माणसांचा. पावसाळ्यात पात्रात कोणी नसतं. हिवाळ्यात पात्र वस्तीसारखं गजबजलेलं असतं: टरबूज-खरबुजाच्या वाड्या, वीटभट्ट्या, वाळूचे ट्रॅक्टर, नदीत टाकलेल्या पाणी उपसायच्या मोटारी, मेंढ्यांचे कळप, ऊसतोड मजुरांच्या कोप्या (झोपड्या), कपडे धुणाऱ्या बाया, क्रिकेट खेळणारी पोरं. पाणी कमी आलं तरी त्याच्या वाटेत माणसं जास्त असतात.

मी शिकवताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: तुमच्या डोक्यावरच्या पावसाकडे बघू नका, नदीच्या डोक्यावरचा पाऊस बघा. पांझरा साक्री तालुक्यात पिंपळनेरकडच्या डोंगरातून येते, मग अक्कलपाडा धरणात थांबते आणि पुढे धुळ्यातून जाते. पिंपळनेरला पाऊस, अक्कलपाड्यातून विसर्ग, आणि धुळ्यात ऊन, असं होऊ शकतं. वाघूर अजिंठ्याच्या डोंगरातून निघते. गिरणेचं पाणी नाशिक जिल्ह्यातल्या कळवण-मालेगावकडून येतं. तापी तर मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईहून, आणि तिला चांगदेवला मिळणारी पूर्णा विदर्भातून. भुसावळ तालुक्यातल्या हतनूर धरणाचे 41 दरवाजे किती उघडायचे हे जळगावच्या आभाळावर ठरत नाही, बऱ्हाणपूर-अकोल्याकडच्या पावसावर ठरतं.

सातपुड्याच्या नद्यांचा स्वभाव याहून कडक. सुकी, मोर, अनेर, अरुणावती, गोमाई या अंतराने लहान आणि उताराने तीव्र आहेत. रावेर-यावल-चोपड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांच्या पट्ट्यात त्यांचं पाणी एरवी जमिनीत मुरतं, म्हणून हिवाळ्यात पात्र ठणठणीत कोरडं दिसतं. डोंगरात ढग फुटला की त्याच कोरड्या पात्रात पाणी हळूहळू वाढत नाही. पालापाचोळा, काटक्या, फेस पुढे ढकलत पाण्याचं तोंडच येतं. हिशेब करून बघा. पुराचं पाणी सेकंदाला दोन-तीन मीटर धावलं तरी तासाला सात ते अकरा किलोमीटर होतात. वीस किलोमीटर वर पडलेला पाऊस दोन-तीन तासांत तुमच्यापाशी. तोवर तिथला पाऊस थांबलेलाही असतो आणि वरचे लोक घरी जाऊन झोपलेले असतात.

चाळीसगावचं उदाहरण पावसाळ्यातलं आहे, पण धडा तोच. 31 ऑगस्ट 2021 ला कन्नड घाट-पाटणादेवीच्या डोंगररांगेत रात्रीतून प्रचंड पाऊस झाला आणि पहाटे तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी शहरात आणि आसपासच्या गावांत शिरलं. शेकडो गुरं वाहून गेली. डोंगरात काय पडतंय हे खाली कळायच्या आत पाणी खाली आलं होतं.

इशाऱ्यांचा अर्थ लावायला शिका. हवामान खात्याच्या भाषेत 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून पुढे मुसळधार आणि 115.6 पासून पुढे अतिमुसळधार. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे हालचाल करा. पण हा अलर्ट अख्ख्या जिल्ह्याचा असतो. हिवाळ्यातला वादळी पाऊस एका शिवारात बदाबदा पडतो आणि शेजारच्या शिवारात धूळ उडते. म्हणून यलो अलर्टला "म्हणजे काही नाही" समजू नका, आणि रेड नाही म्हणून निर्धास्तही होऊ नका. त्या दिवशी दर दोन-तीन तासांनी तात्काळ अंदाज बघा. 'मौसम' अ‍ॅपवर पाऊस, 'दामिनी'वर विजा कळतात. यापेक्षाही मला भरवशाचा वाटतो तो वरच्या गावातला एक माणूस. नदीच्या वरच्या अंगाला पंधरा-वीस किलोमीटरवर तुमचा कोणी पाव्हणा असेलच. त्याला सकाळीच सांगून ठेवा, "तुमच्याकडे नाल्याला गढूळ पाणी आलं की एक फोन करा." खान्देशात सोयरीक नाही असं गाव सापडत नाही, तिचा असा उपयोग करा.

पावसाशिवायही नदीला पाणी येतं, हे बाहेरून आलेल्यांना माहीतच नसतं. गिरणा धरणातून हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात पिण्यासाठी नि शेतीसाठी आवर्तनं सोडतात, ती कालव्यातून तशी नदीपात्रातूनही येतात. काल जिथे वाळूत गाडी उभी केली तिथे आज कंबरभर पाणी असू शकतं. आवर्तनाची सूचना आधी निघते, दवंडी किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून गावात फिरते. मात्र शहरातून सहलीला आलेल्यांच्या फोनवर ती पोचत नाही. आवर्तन चालू असताना वरून पाऊसही आला तर दोन्ही पाणी एकत्र येतं, हे लक्षात ठेवा.

पाणी वाढतंय हे ओळखायचं कसं? गेल्या गेल्या पाण्याच्या कडेला एक काडी रोवा किंवा दगड ठेवा आणि दर दहा मिनिटांनी तिकडे बघा. निवळशंख पाणी अचानक गढूळ झालं, काडीकचरा-फेस वाहू लागला, वरच्या वळणाकडून गाडी यावी तशी घरघर ऐकू आली, तर पिशव्या आवरत बसू नका. पोरांना उचला आणि काठ चढा. उलट वाहतं पाणी एकाएकी कमी झालं तरी सावध व्हा. वर कुठेतरी ओंडके-काटेरी झुडपं अडकून पाणी तुंबलेलं असू शकतं, आणि ते सुटतं तेव्हा एकदम सुटतं. चढायचं ते सरळ आडवं, काठाकडे. पात्रातून पळत पाण्याशी शर्यत कोणी जिंकत नाही. आणि परत यायचं नाही, ना चपलांसाठी, ना मोबाईलसाठी, ना मोटारसायकलसाठी. आम्ही ज्यांना काढलं त्यांतले बरेचजण आधी सुखरूप बाहेर आलेले होते. काहीतरी घ्यायला ते पुन्हा खाली उतरले होते.

आता फरशी. खान्देशात जेवढे बळी फरशी पुलावर जातात, तेवढे मला दुसरीकडे कुठे दिसले नाहीत. रोजचा रस्ता असतो, घर समोर दिसत असतं, चार जण काठावर उभे असतात आणि एखादा म्हणतो, "निघून जाशील रे." ऐकू नका. घोट्याच्या वर, वीतभर वाहतं पाणी धडधाकट माणसाचा पाय उचलतं, कारण पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. चारचाकीचं गणितही सांगतो. लहान कार साधारण 900 किलोची, तिचा तळ सहा-एक चौरस मीटरचा. पाणी तळाला टेकलं की पुढच्या प्रत्येक सेंटीमीटरला साठ किलो वजन पाणी उचलून धरतं. तळ जमिनीपासून वीतभर वर, त्यावर आणखी पंधरा सेंटीमीटर पाणी चढलं की गाडी तरंगली. म्हणजे सगळं मिळून जेमतेम सव्वा फूट. पूर्ण तरंगायच्या बरंच आधी टायरची पकड सुटते आणि गाडी कडेला सरकते, आणि आपल्या फरश्यांना कठडे नसतात. ट्रॅक्टर जड म्हणून लोक बिनधास्त घालतात. त्याची मोठी टायरं हवेने भरलेली असतात आणि मागची ट्रॉली प्रवाहात आडवी होते. ट्रॉलीत वेचणीच्या बाया बसलेल्या असतील तर सगळ्या एकदम पाण्यात.

शिवाय पाण्याखाली फरशी शाबूत आहे हे कशावरून? वरून पाणी सपाट दिसतं, खालचा भराव वाहून गेलेला असतो. रात्री हेडलाइटच्या उजेडात तर खोली मुळीच कळत नाही. दोन तास थांबा. छोट्या नाल्याचं पाणी जसं झपाट्याने चढतं तसंच पाऊस थांबल्यावर ओसरतंही. थांबायचं झालं तर घरच्यांना फोन करून सांगा, कारण घरच्यांच्या "कुठे पोचलास?" या चौकशीनेच पुष्कळ पोरं घाई करतात. आणि घरच्यांनीही म्हणावं, "थांब तिकडेच, कोणाच्या ओट्यावर झोप."

गाडी पाण्यात सापडलीच तर सीटबेल्ट काढा, वीज चालू आहे तोवर काच खाली करा, मुलांना आधी बाहेर काढा आणि टपावर चढा. दार उघडायच्या नादात वेळ घालवू नका, बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ते उघडत नाही. मोटारसायकल वाहायला लागली तर हँडल सोडा. गाडी परत घेता येते.

शेतकऱ्यांसाठी मोटारीची गोष्ट वेगळी सांगायला हवी. रब्बीत बऱ्याचदा रात्रीची वीज असते. गव्हाला पाणी भरायला माणूस एकटा, बॅटरी घेऊन, पावसात, नदीकाठी. पाणी वाढताना दिसलं की पहिला विचार मोटार वाचवायचा. ओला स्टार्टर, पाण्यात बुडालेली केबल आणि अंगावर ओले कपडे: इथे बुडण्याआधी विजेचा धक्काच जीव घेतो. इशारा आला त्या दिवशी उजेडात, मुख्य स्विच बंद करून, दोघा-तिघांनी मिळून मोटार काठावर ओढून ठेवा. ते जमलं नसेल तर रात्री तिला जाऊ द्या. स्टार्टरची पेटी पूररेषेच्या वर, खांबावर उंच बसवणं हे एकदाच करायचं काम आहे, आणि ते या हिवाळ्यातच करून टाका.

तुमच्या पार्टीबद्दल. भरीत भाजायला तुराट्या-काट्या पेटवायच्या, कळण्याच्या भाकरी, पुऱ्या, सगळं पसरलेलं असणार, मुलं पाण्याकडे पळणार. जागा काठाच्या वर निवडा, जिथे मागच्या पुराचा कचरा झाडाझुडपांत अडकलेला दिसतो त्याच्याही वर. तो कचरा म्हणजे नदीने स्वतः आखलेली रेघ. गाड्या पात्रात उतरवू नका, तोंड रस्त्याकडे करून वर लावा. मळा आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये नाला किंवा फरशी असेल तर मळा कितीही उंच असला तरी ती जागा त्या दिवशी नको, कारण पाणी आलं तर तुम्ही बुडणार नाही पण वयस्कर माणसं आणि मुलं घेऊन रात्रभर थंडीत अडकाल. आणि मुलांवर "सगळ्यांचं लक्ष" म्हणजे कोणाचंच नाही. एका मोठ्या माणसाचं नाव घेऊन सांगा, तो तासभर फक्त मुलांकडे बघेल, मग दुसरा. त्याच्या हातात मोबाईल नसावा.

पाऊस सुरू झाल्यावर लोक कुठे धावतात ते बघा: पुलाखाली आणि झाडाखाली. दोन्ही चूक. पुलाखालची मोरी ही पाण्याचीच वाट आहे. झाडाखाली वीज. हिवाळ्यातला पाऊस बहुतेकदा गडगडाट आणि गारा घेऊन येतो. गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात किंवा बंद काचांच्या गाडीत बसा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा. पत्र्याची उघडी शेड चालत नाही.

वाळूच्या खड्ड्यांबद्दल लिहिताना माझा जीव तुटतो. गिरणा, तापी, पांझरा, कुठेही जा, उपशाने पात्रात पुरुषभर-दोन पुरुष खोल खड्डे झालेत. कोरड्यात ते दिसतात. गढूळ पाणी भरलं की वरून सगळं सारखं. मूल गुडघाभर पाण्यात चालत असतं आणि पुढचं पाऊल खालीच जातं. काठ वाळूचे, हात टेकला की ढासळतात. गावात जन्मलेला, नदी ओळखणारा मुलगाही यात सापडतो, कारण त्याने ओळखलेली नदी गेल्या वर्षीची असते.

बंधाऱ्याच्या भिंतीवरून पाणी पडत असेल तर त्याच्या खालच्या अंगाला जाऊ नका, मासे धरायला तर मुळीच नाही. तिथे पाणी वरून पडून तळाला जातं आणि पृष्ठभागावरून पुन्हा भिंतीकडे ओढतं. पट्टीचा पोहणारा त्यात फिरत राहतो. पलीकडे फक्त काही हात अंतरावर शांत पाणी असतं, पण तिथवर पोचता येत नाही.

कोणी वाहत्या पाण्यात पडलंच, तर उभं राहायची धडपड करू नये. दगडांच्या फटीत पाय अडकला की प्रवाह माणसाला पालथा करतो. पाठीवर तरंगायचं, पाय पुढे प्रवाहाच्या दिशेला, गुडघे थोडे वाकवलेले, म्हणजे दगड आला तर पायाने सारता येतो. हातांनी वल्हवत तिरकं काठाकडे सरकायचं. प्रवाहाच्या विरुद्ध पोहायचं नाही. आपल्या नाल्यांत वेड्या बाभळी माजल्यात आणि पुरात त्या अर्ध्या पाण्यात असतात. पाणी त्यांच्यातून निघून जातं, माणूस दाबला जाऊन अडकतो. टाळता आली नाही तर शेवटच्या क्षणी पोटावर वळून, डोकं पुढे करून, तिच्यावर चढायचा प्रयत्न करायचा. काटे लागू द्या.

थंडीचा भाग इथे येतो. पाणी अंगातली ऊब त्याच तापमानाच्या हवेपेक्षा पंचवीसेक पटीने ओढून घेतं. गार पाण्यात अचानक पडलं की तोंडातून आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो, आणि तोंड पाण्याखाली असेल तर तेवढ्यात पाणी जातं. पहिलं मिनिट फक्त तोंड वर ठेवून श्वास सावरायचा, मग हातपाय मारायचे. थोड्या वेळाने बोटं बधिर होतात, दोर हातात दिला तरी धरवत नाही. म्हणून वाचवणाऱ्याने दोराला आधीच मोठा फास करून द्यावा, काखेखालून घालता येईल असा. संक्रांतीच्या दिवशी, 15 जानेवारी 2019 ला, धडगाव तालुक्यात नर्मदेत भाविकांची होडी उलटून माणसं गेली. तिथे ना पाऊस होता ना पूर. प्रमाणाबाहेर भरलेली होडी आणि खोल पाणी एवढं पुरलं. हिवाळ्यात सणाला, यात्रेला होडीत बसाल तेव्हा जाकीट मागा. नसेल तर उतरा.

काठावरच्यांनी काय करायचं? उडी मारू नका. आपल्याकडे एकाला वाचवताना दोघे-तिघे जातात, अनेकदा एकाच घरचे. आधी ओरडून त्याला सांगा काय करायचं ते, मग लांब काहीतरी पुढे करा: बांबू, शिडी, साड्या एकमेकींना बांधून. ते पोचत नसेल तर फेका: कासरा, ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन. कॅनमध्ये तांब्याभर पाणी ठेवलं तर तो वाऱ्याने न उडता लांब जातो. फेकणाऱ्याने झोपून किंवा बसून जोर लावावा आणि मागून दुसऱ्याने त्याला धरावं. दोर स्वतःच्या कमरेला गाठ मारून बांधू नका, प्रवाहाने ओढलं तर सुटता येत नाही. एक-दोन जणांनी आधीच खालच्या अंगाला जाऊन उभं राहावं, कारण माणूस तिथेच येणार असतो. आणि हे चालू असतानाच एकाने 112 ला फोन लावावा, जिल्हा नियंत्रण कक्ष 1077 वर. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडी धुळ्यातच असते. तिला बोटी घेऊन पोचायला वेळ लागतो, म्हणून "बघू, निघेल तो" असं करत फोन लांबवू नका.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर त्याला उलटं टांगणं, पोटावर दाबणं, चाकावर पालथा टाकून फिरवणं, हे सगळं बंद करा. त्याने पोटातलं पाणी श्वासनळीत जातं आणि मोलाची मिनिटं वाया जातात. पाठीवर झोपवा, हनुवटी उचला, नाक दाबून तोंडाने पाच श्वास द्या. मग छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला 100 ते 120 या वेगाने 30 दाब, पाच-सहा सेंटीमीटर खोल, मग दोन श्वास, पुन्हा 30. 108 ची गाडी येईपर्यंत थांबायचं नाही, दमलात तर माणूस बदला. श्वास चालू असेल पण शुद्ध नसेल तर कुशीवर वळवून ठेवा.

शुद्धीवर असलेल्याचे ओले कपडे लगेच काढा, कोरड्या गोधडीत डोक्यासकट गुंडाळा, नीट गिळता येत असेल तर गोड गरम चहा द्या. दारू देऊ नका, तिने ऊब वाटते पण अंगातली उष्णता आणखी बाहेर जाते. हातपाय चोळू नका, एकदम शेकोटीला लावू नका, बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा सहा-सात अंशांपर्यंत उतरतो. ओल्या अंगाने वाऱ्यात मोटारसायकलवर घरी नेलेला माणूस वाटेतच गारठून खाली पडू शकतो. आणि पाणी नाका-तोंडात गेलेल्याला "आता बरा आहे" म्हणून घरी ठेवू नका. फुप्फुसातला त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो, त्याला त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा.

तुमच्याकडे इशारा पोचला, पण नदीतल्या सगळ्यांकडे पोचलेला नसतो. साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ मेंढ्या घेऊन पात्रात किंवा काठाला मुक्काम करतात, रात्री लेकरं मेंढ्या कोंडायच्या जाळीशेजारी झोपलेली असतात. ऊसतोड मजुरांच्या कोप्या नाल्याच्या मोकळ्या जागेतच पडतात, कारण दुसरी जागा त्यांना कोणी देत नाही. वीटभट्टीवरची कुटुंबं परगावची, त्यांच्यातल्या कित्येकांना त्या नाल्याचा इतिहास माहीत नसतो. संध्याकाळी आभाळ भरून आलं तर पोलीस पाटलाने किंवा गावातल्या दोन पोरांनी मोटारसायकलवर एक चक्कर मारून त्यांना शाळेच्या वऱ्हांड्यात, मंदिराच्या ओट्यावर, समाजमंदिरात बोलावून घ्यावं. जनावरं दावणीला असतील तर दावी सोडा. मोकळं जनावर पोहून काठाला लागू शकतं, बांधलेलं जागीच बुडतं.

पाऊस थांबून ऊन पडलं की लोक पाणी बघायला काठावर गर्दी करतात. काळ्या मातीचा काठ पुराने खालून पोखरलेला असतो, वरून टणक दिसतो आणि पाणी ओसरल्यावर, खालचा आधार गेल्यावर ढासळतो. काठाला समांतर भेगा दिसल्या तर दहा-बारा हात मागेच राहा, ट्रॅक्टर तर शंभर फूट लांब ठेवा. बंधाऱ्यामागे साचलेला ताजा गाळ वरून वाळल्यासारखा दिसतो आणि मांडीपर्यंत रुततो. शाळकरी मुलांना पुढचा आठवडाभर पात्रात जाऊ देऊ नका, कारण कालचे खड्डे बुजून नवीन खड्डे पडलेले असतात, आणि ते कुठे आहेत हे पाणी निवळून तळ दिसेपर्यंत गावातल्या कोणालाही सांगता येत नाही.